अक्षरांचा परवाना

र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या आरेखन-विभागात विद्यार्थी घडवणारे शिक्षक. संगणकावर त्यांनी केलेले देवनागरीचे दोन फॉन्ट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. पहिला 'मंगल'. तो त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केला. विंडोज २००० बरोबर तो आला आणि पुढची कित्येक वर्षं युनिकोड मराठी म्हटलं की मंगलच डोळ्यांपुढे यायचा. शाळेची नोटीस असो, सोसायटीचं परिपत्रक असो, नाहीतर सरकारी दाखला असो, वळण तेच.

दुसरा 'रघू'. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. पुढे ती सीडॅकमध्ये विलीन झाली. जोशींचा हा फॉन्ट तिथला. संस्थेने तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. लिनक्सवर देवनागरी उमटवण्याची धडपड करणाऱ्या त्या काळच्या कार्यकर्त्यांना हातात घेता येईल असा एक चांगला फॉन्ट मिळाला.

मंगलसाठीही वेगळे पैसे पडत नव्हते, विंडोजबरोबर तो यायचाच. पण त्यातलं एखादं जोडाक्षर खटकलं तर ते दुरुस्त करून दुसऱ्याला द्यायची मुभा कुणालाच नव्हती. दुसऱ्या प्रणालीवर नेऊन तो वाटायची तर मुळीच नव्हती. रघूची फाईल मात्र कुणीही उघडावी, बदलावी, वाटावी. मुख्य अट ही, की बदललेली प्रतही त्याच अटींवर पुढे द्यायची. दोन्हीमागे हात एकच, दृष्टीही एकच. फरक होता तो सोबतच्या परवान्यात. मराठीचा संगणकावरचा गेल्या साडेतीन दशकांचा प्रवास मला या फरकात दिसतो. आपल्याकडे वाद नेहमी फुकट की विकत यावर होतो. माझ्या लेखी खरा सवाल दुरुस्तीच्या हक्काचा आहे: आपल्या लिपीत काही बिघडलं, काही कमी पडलं, तर ते नीट करायचा अधिकार कुणाकडे?

नव्वदच्या दशकात तो अधिकार फॉन्ट बनवणाऱ्याकडे होता. त्या वेळच्या फॉन्टांत इंग्रजी लिपीच्या हिशेबाने बेतलेल्या २५६ जागा असायच्या. देवनागरीला त्या पुरायच्या नाहीत. मग काना, मात्रा, रफार, अर्धा त, पाऊण श असे तुकडे करून प्रत्येक कंपनीने ते आपापल्या सोयीने त्या जागांवर बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. आत साठायची ती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, आणि त्यांवर मराठी आकार चढवायचं काम फॉन्ट करायचा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल नेली की कादंबरीच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसायचा. शोध घेता यायचा नाही, अकारविल्हे सूची लावता यायची नाही. एका कंपनीच्या फॉन्टात टाइप केलेलं मॅटर दुसरीच्या फॉन्टात न्यायचं तर कन्व्हर्टर लागायचा, आणि त्यातून बाहेर पडलेल्या मजकुराचं प्रूफ पहिल्यापासून वाचावं लागायचं.

पुण्या-मुंबईतल्या जुन्या डीटीपीवाल्यांकडे आजही कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा संगणक जपलेला दिसतो. इंटरनेटला जोडलेला नाही, वर कापडाचं आच्छादन. अशा एका यंत्राच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला मराठी सॉफ्टवेअरचं लॉक लावलेलं मी पाहिलं आहे. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, निघू नये म्हणून चिकटपट्टीने बांधलेला. तो काढला की सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. पंचवीस वर्षांतले दिवाळी अंक, कवितासंग्रह, गौरवग्रंथ यांच्या मूळ फाईली त्या ठोकळ्याच्या भरवशावर आहेत. प्रकाशकाने लॉकचे पैसे मोजले, लेखकाने मजकूर लिहिला, डीटीपीवाल्याने रात्री जागून पानं लावली. तरीही तो मजकूर यांच्यापैकी कुणालाही त्या यंत्राबाहेर धडपणे नेता येत नाही.

या मराठी कंपन्यांवर मी सरसकट ठपका ठेवणार नाही. खिळ्यांच्या जुळणीतून मराठी छपाई पडद्यावर आली ती त्यांच्याच कष्टांमुळे, आणि त्यांच्या आरेखनकारांची काही अक्षरं आजही डोळ्यांना सुख देतात. पण प्रमाण संकेत नव्हते असंही नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेलं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान होतं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हा संकेत प्रमाण ठरवला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती आली. त्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतला होता. म्हणजे सगळ्या भारतीय लिप्या एकाच पद्धतीने साठवायचा रस्ता तेव्हाच आखलेला होता. धंद्याला मात्र तो सोयीचा नव्हता. दहा वर्षं तुमच्या फॉन्टात टाइप करत आलेला गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही, हे ज्याला कळलं तो दार कशाला उघडेल?

आणि समजा उघडलं असतं, तरी पुढे पानं लावायचा पेजमेकर होताच. मराठी डीटीपी म्हणजे पेजमेकर, इतकी ती सवय घट्ट होती. अ‍ॅडोबीने त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि २००४ मध्ये पुढचं काम थांबवलं. युनिकोड देवनागरी त्याला कधीच आली नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली ती २०१२ च्या सीएस६ मध्ये. युनिकोडमध्ये देवनागरी आल्याला तोवर २१ वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या मे महिन्यात, अ‍ॅडोबीने जाहीर केलं की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापराव्या लागतील. मराठीला प्रवेश मिळाला तो एकदाच पैसे मोजून घेता येणाऱ्या शेवटच्या आवृत्तीत. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या हिशेबात मराठी बाजारपेठ लहान होती, इतकंच. पण आपल्या भाषेची पाळी कधी यावी हे दुसऱ्याच्या हिशेबावर ठरतं, आणि आपल्याला वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही, हे मला सर्वांत जास्त लागतं.

स्क्रायबस या मुक्त डीटीपी सॉफ्टवेअरचं उदाहरण याच्या शेजारी ठेवतो. त्यातही बरीच वर्षं देवनागरी धड नव्हती. मग ओमानमधल्या एका गटाने अरबीसाठी म्हणून त्यात हात घातला. त्यांना हवी होती अरबी. पण त्यांनी जे यंत्र बसवलं ते सगळ्याच गुंतागुंतीच्या लिप्या जुळवणारं होतं, त्यामुळे त्याच कामात देवनागरीचाही रस्ता मोकळा झाला. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या स्क्रायबस १.६ या स्थिर आवृत्तीत ही सोय आहे. मराठी प्रकाशकाने त्यासाठी काही केलं नव्हतं, आणि ओमानच्या मंडळींनी मराठीचा विचारही केला नसेल. स्क्रायबस आज इनडिझाइनची बरोबरी करतं असं मी म्हणणार नाही, छपाईच्या बारकाव्यांत ते मागे आहे. पण ते पुढे न्यायचं तर कुणाची परवानगी लागत नाही.

ओमानच्या मंडळींनी बसवलेल्या त्या यंत्राचं नाव हार्फबझ. त्याच्याजवळ थोडं थांबायला हवं, कारण फोनवर मराठी वाचणारे लाखो लोक ते रोज वापरतात आणि त्याचं नावही त्यांच्या कानांवर आलेलं नसतं.

'स्थिती' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठतो: स, हलन्ताची खूण, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. पडद्यावर मात्र पहिली वेलांटी अर्ध्या स च्याही आधी, डाव्या टोकाला काढावी लागते. स चा दंड गाळून तो थ ला जोडावा लागतो. 'कीर्ती' मध्ये त च्या आधी साठवलेला र उडी मारून त च्या डोक्यावर, तोही दीर्घ वेलांटीच्या पलीकडे रफार होऊन बसतो. 'दुसऱ्या' मधला र तर खास मराठी. तो साठवायच्या दोन पद्धती आजही चालू आहेत. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात, पण एकीत लिहिलेला शब्द दुसरीत शोधला तर साधा शोध हात हलवत परततो. हे सगळं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला शेपिंग इंजिन म्हणतात. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब करायचं. त्याच्या आत काय चालतं ते बाहेरच्यांना पाहता येत नव्हतं. लिनक्सवर तेव्हा देवनागरी उमटायची, पण वेलांट्या भलतीकडे जायच्या आणि जोडाक्षरं फुटायची.

बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरने हार्फबझ नव्याने लिहायला घेतलं. युनिस्क्राइबचं पोट उघडता येत नव्हतं, म्हणून त्याने वेगळा मार्ग धरला. विकिपीडियावरून निरनिराळ्या भाषांतले शब्द गोळा केले, तेच शब्द दोन्ही इंजिनांतून काढले आणि कुठे फरक पडतो ते एकेक तपासलं. एकट्या देवनागरीचे शब्द होते सुमारे सात लाख. चुका कमी होत होत अगदी थोड्या उरल्या, आणि प्रत्येक टप्प्याची नोंद कुणालाही वाचता येईल अशी सार्वजनिक राहिली. विकिपीडियावर पदरमोड करून, रात्री जागून लेख लिहिणाऱ्यांच्या शब्दांवर हे यंत्र घासूनपुसून तयार झालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबर ऑफिस या सगळ्यांत हार्फबझ आहे. अ‍ॅडोबीच्या इनडिझाइन आणि फोटोशॉपमध्येही आहे.

म्हणजे बंदिस्त सॉफ्टवेअरची कंपनीही आता मराठी जुळवते ती मुक्त यंत्रावर. त्यामुळे इकडे स्वयंसेवक आणि तिकडे महाकंपन्या, असं लढाईचं चित्र मला पटत नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलर मोजून गिटहब विकत घेतलं, जिथे जगातल्या मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा हिस्सा लिहिला जातो. एस्फाहबोदनेही हे काम रेड हॅट आणि गूगलच्या पगारावर केलं. मुक्त सॉफ्टवेअर आभाळातून पडत नाही, कुणीतरी पगार देतो किंवा कुणीतरी झोप मोडतो. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा इंटरनेटवरचे असंख्य व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाकडे पुरेसे पैसेही नाहीत आणि पुरेशी माणसंही नाहीत, हे जगाला कळलं.

आपल्या फॉन्टांचीही हीच कथा. 'लोहित' मालिकेतले फॉन्ट मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटने ते पैसे देऊन घेतले आणि २००४ मध्ये खुले केले. २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. या परवान्यात फॉन्ट वापरा, बदला, पुस्तकात घाला, सॉफ्टवेअरबरोबर द्या, सगळं चालतं. नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही, हे त्यातलं एक बंधन. परवाना मुक्त होता म्हणून लोहितमध्ये मराठीसाठी वेगळा फॉन्ट निघाला. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीहून वेगळे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने वर्णमालेसंबंधी काढलेल्या निर्णयातही या वळणांचा आग्रह आहे. पण शासनाचा आग्रह पडद्यावर उतरायचा तर फॉन्टाच्या फाईलमध्ये हात घालता आला पाहिजे. लोहितमध्ये घालता आला. पुढे मुंबईच्या एक टाइपने 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखालीच काढला आणि त्याची गुजराती, तमिळ, गुरुमुखी भावंडंही आली. आज वेबसाइटींवर, जाहिरातींत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तो दिसतो.

बंद पण फुकट अशा गोष्टींचा अनुभवही मराठी लिहिणाऱ्यांच्या गाठीशी आहे. गूगलचं इनपुट टूल हे रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारं सॉफ्टवेअर. त्याच्यावर कितीतरी लेखक, पत्रकार, शिक्षक अवलंबून होते. काही वर्षांपूर्वी गूगलने विंडोजवर ते डाउनलोड करण्याची सोय काढून टाकली. पैसे घेतले नव्हते, त्यामुळे तक्रार कुठे करायची? लोक अजून एकमेकांना त्याच्या जुन्या फाईली पेन ड्राइव्हवरून देतात, आणि त्या फाईलींत आणखी काय शिरलंय याची खात्री कुणालाच नसते. केरळमधल्या 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या स्वयंसेवी गटाने फोनसाठी इंडिक कीबोर्ड केला, त्यात मराठीही आहे. हा गट उद्या थकला, तरी त्याचा कोड घेऊन नाशिकच्या किंवा पणजीच्या एखाद्याला तो चालू ठेवता येईल.

पैसे देऊनही भरवसा नसतो, हे २०२५ च्या जुलैमध्ये दिसलं. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने १८ जुलैला निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल आणि टीम्सची सेवा बंद केली. भारतीय कायद्याने कोणताही निर्बंध नव्हता, वर्गणी भरलेली होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेर सेवा परत मिळाली. गुजरातमधल्या वाडिनारचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी कंपनी होती म्हणून वकील उभे राहिले. एखाद्या जिल्हा बँकेने किंवा वृत्तपत्राने काय केलं असतं?

आपल्या संस्थांबद्दल मला सर्वाधिक बोलायचं आहे, कारण तिथला बदल आपल्याच हातात आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. केरळने त्याच्या कितीतरी आधी शाळांत ते करून दाखवलं. २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला, शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं आणि सरकारी शाळांतली संगणक-परीक्षा मुक्त सॉफ्टवेअरवर आली. इंडिक कीबोर्ड केरळमधून यावा यात मला काही नवल वाटत नाही. महाराष्ट्राकडे काय कमी होतं? सीडॅक पुण्यात, आयडीसी पवईत, देवनागरीच्या अक्षरांत आयुष्य घालवलेले आरेखनकार इथेच. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब, ई-सिम अशी मुक्त साधनं देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेली. तिथल्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने मराठीतून धडे केले. पण लिपी, कोश, शुद्धलेखन-तपासणी, छापील मजकूर वाचणारं ओसीआर या भाषेच्या पायाभूत गोष्टींत राज्याची संस्था पुढे उभी राहिली आणि तिने सगळं खुलं केलं, असं झालं नाही. ओसीआरच पाहा. टेसरॅक्ट हे एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ मध्ये घडलं, २००५ मध्ये खुलं झालं, पुढे गूगलने पोसलं. आज जुन्या मराठी पुस्तकांची पानं त्याने वाचता येतात.

सरकारी कामाचा कॉपीराइट आपल्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. वेगळा परवाना दिला नाही, तर करदात्याच्या पैशातून केलेला परिभाषाकोशही शुद्धलेखन-तपासणीच्या मुक्त साधनात घालता येत नाही. मंत्रालयातून निघणाऱ्या निविदेत एक कलम हवं: राज्याच्या पैशातून मराठीसाठी जो फॉन्ट, कोश, शब्दसंच किंवा सॉफ्टवेअर होईल, ते मूळ फाईलींसह खुल्या परवान्याखाली द्यायचं. कंत्राटदाराला पूर्ण मोबदला द्या, सढळ हाताने द्या. प्रकाशकांनीही वर्गणीवर दरसाल जो खर्च होतो त्याचा थोडा भाग स्क्रायबसमधल्या देवनागरीच्या दुरुस्तीवर लावावा. पाच-सहा प्रकाशक एकत्र आले तर एखाद्या होतकरू प्रोग्रामरचा वर्षाचा पगार सहज निघेल.

याची घाई आता अधिक आहे, कारण जुनाच प्रकार नव्या रूपात आला आहे. भाषेवर चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली मजकूर वाचण्याआधी त्याचे तुकडे करतात. त्यांना टोकन म्हणतात, आणि सेवेचं बिल टोकनांवर ठरतं. सुरुवातीच्या टोकन-संचांत देवनागरीला फारशी जागाच नव्हती, त्यामुळे मराठी शब्दाचा भुगा व्हायचा. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवा संच आणला, तेव्हा एक छोटा मजकूर अनेक भाषांत देऊन आधीचे आणि नंतरचे आकडे जाहीर केले. इंग्रजीत तो २७ टोकनांवरून २४ वर आला, मराठीत ९६ वरून ३३ वर. तोवर मराठी वापरणारा त्याच मजकुरासाठी इंग्रजीवाल्याच्या साडेतीनपट टोकनं मोजत होता. सुधारणा झाली हे चांगलंच झालं. पण ९६ कुणी ठरवले, ३३ कुणी ठरवले, यात मराठी माणसाला कुणी विचारलं नव्हतं. मेटाची लामा मॉडेलं 'ओपन' म्हणून मिरवतात, पण त्यांच्या परवान्यातली बंधनं ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या मुक्ततेच्या व्याख्येत बसत नाहीत.

पुण्यात एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये महाकॉर्पस हा २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संच खुला केला. त्याच्या आधाराने गूगलच्या खुल्या बहुभाषिक मॉडेलला आणखी मराठी शिकवून त्यांनी महाबर्ट तयार केलं. चेन्नईच्या एआय४भारत गटाचं इंडिकट्रान्स२ हे अनुवादाचं मॉडेल २०२३ मध्ये आलं, त्यात मराठी आणि कोकणीसह २२ भाषा आहेत आणि परवाना एमआयटी हा, म्हणजे खुलाच. ही मॉडेलं मोठ्या कंपन्यांच्या मॉडेलांपुढे लहान आहेत. पण कोल्हापूरचा एखादा विद्यार्थी ती उतरवून घेऊ शकतो, आपल्या संगणकावर चालवू शकतो, शब्द कुठे तुटतो ते पाहू शकतो, चुकीचं तुटत असेल तर ते बदलून पुन्हा सगळ्यांना देऊ शकतो. त्याला एखादा महिना चांगल्या क्षमतेचा संगणक मिळाला पाहिजे, आणि तो भाड्याने घ्यायचे पैसे त्याच्या महाविद्यालयाने द्यायला हवेत.